तेलविहिरीत पाणीच जास्त येतंय? पाणी अडवणारं जेल सोडायच्या आधी हे बघा

आधी पाणी नक्की कुठून येतंय ते शोधा, ट्रेसर टेस्ट (खूण म्हणून पदार्थ सोडून पाण्याची वाट शोधणं) आणि प्रोडक्शन लॉगिंग (विहिरीत उपकरण सोडून कुठल्या खोलीवर काय येतंय ते मोजणं) करा, कारण केसिंगला (विहिरीच्या आतल्या पोलादी नळीला) भोक असेल किंवा तिच्याभोवतीचं सिमेंट खराब असेल तर आधी ते दुरुस्त करायचं, जेल हा पुढचा विषय. खडकातल्या भेगेतून किंवा एखाद्या जास्त पारगम्य (पाणी सहज वाहू देणाऱ्या) थरातून पाणी सरळ पळत असेल तर मात्र जेल कामाचं.

नेहमीचं मिश्रण म्हणजे पॉलीअ‍ॅक्रिलामाइड (लांब साखळ्यांचं पॉलिमर) आणि त्या साखळ्या एकमेकींना जोडणारं क्रोमियम अ‍ॅसिटेट. पंप करताना पातळ असतं, आत गेल्यावर तिथल्या उष्णतेने हळूहळू घट्ट होतं, म्हणून तर याला स्मार्ट जेल म्हणतात (नाव जरा जास्तच भारी आहे खरं तर). बाटलीतली टेस्ट टाळू नका, त्याच विहिरीच्या पाण्यात मिश्रण करा, रिझर्व्हॉयरच्या (खालच्या तेलसाठ्याच्या खडकाच्या) तापमानाला ठेवा आणि किती तासांत घट्ट होतंय ते लिहून ठेवा, क्षार आणि पीएच बदलला की सगळं गणित बदलतं. तापमान फारच जास्त असेल तर क्रोमियमऐवजी पॉलीइथिलिनइमाइनसारखा ऑरगॅनिक क्रॉसलिंकर (साखळ्या जोडणारा पदार्थ) बघा.

पंपिंग हळू करा, प्रेशर खडक फुटायच्या मर्यादेखालीच ठेवा, तेलाचा थर शक्य असेल तर पॅकरने (विहिरीत बसवायच्या फुगणाऱ्या किंवा दाबून बसणाऱ्या सीलने) वेगळा करा, नाहीतर तोच बंद व्हायचा. मग जेल पूर्ण बसेपर्यंत विहीर बंद.