लिनक्स टॅबलेटचा वेब किऑस्क: एकच पान चालू, बाकी सगळं बंद

टॅबलेट भिंतीवर लावून त्यावर एकच वेब पान दाखवायचं, म्हणजे किऑस्क बनवायचा, तर क्रोमियम ब्राउझरला 'किऑस्क' फ्लॅग (सुरू करताना द्यायचा पर्याय) दिला की काम झालं असं बऱ्याच जणांना वाटतं, मलाही आधी तसंच वाटायचं. ॲड्रेस बार जातो, टॅब जातात, स्क्रीनभर आपलंच पान दिसतं. मग कुणीतरी पानाच्या तळाशी असलेल्या लिंकवर बोट ठेवतं, तिथून दुसऱ्या लिंकवर जातं आणि थोड्या वेळाने तुमच्या माहिती-फलकावर व्हिडिओ वाजायला लागतात. फुलस्क्रीन म्हणजे नुसतं लोटलेलं दार, कडी अजून घालायचीच आहे. ती कुठे कुठे घालायची ते सांगतो. (कमांड आणि सेटिंगची नावं इथे बोलल्यासारखी लिहिलीत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत.)

पहिलं म्हणजे डेस्कटॉप टाकूच नका. ग्नोम किंवा केडीई टाकायचं आणि मग त्यातलं एकेक बंद करत बसायचं हा उलटा धंदा आहे, कडेवरून स्वाइप केलं की पॅनल येतं, बॅटरी उतरली की नोटिफिकेशन येतं, अपडेटचं काहीतरी मधेच उगवतं, आणि यातली प्रत्येक गोष्ट म्हणजे बाहेर पडायची एक खिडकी. डेबियनचं साधं, डेस्कटॉप नसलेलं इन्स्टॉल घ्या आणि त्यावर फक्त केज, क्रोमियम आणि फॉन्ट टाका. केज हा वेलँडवरचा (लिनक्सची स्क्रीनवर चित्र दाखवायची पद्धत) छोटा कंपोझिटर, म्हणजे ॲपच्या खिडक्या स्क्रीनवर मांडणारा प्रोग्राम, त्याचं काम एकच, एक ॲप स्क्रीनभर दाखवायचं, त्यात मेनू नाही, टास्कबार नाही, काही नाही. ते ॲप बंद पडलं की केज पण बंद पडतो, हे पुढे कामाला येतं. फॉन्ट विसरू नका हां, साध्या इन्स्टॉलमध्ये देवनागरी फॉन्ट नसला तर मराठी पानावर नुसते चौकोन दिसतात आणि माणूस उगाच वेबसाइटला शिव्या घालत बसतो. नोटोचे फॉन्ट टाकले की झालं.

आता किऑस्कसाठी वेगळा युजर बनवा, त्याला सुडो (ॲडमिनचे अधिकार) नाही आणि पासवर्ड लॉक. तुमचा ॲडमिन युजर वेगळा, आणि तो फक्त एसएसएच की (दुरून लॉगिन करायची किल्ली-फाइल) वापरून आत येणार.

मग सिस्टमडीची (लिनक्समध्ये बूटपासून सगळे प्रोग्राम सुरू करणारा आणि सांभाळणारा) सर्व्हिस लिहा. त्यात युजर म्हणून किऑस्क, टीटीवाय-पाथ पहिला टीटीवाय (लिनक्सचा टेक्स्ट कन्सोल), पॅम-नेम लॉगिन (हे नसलं तर सेशन नीट बनत नाही आणि केजला स्क्रीन मिळत नाही), पहिल्या टीटीवायच्या गेट्टीशी (तिथे लॉगिन मागणारा प्रोग्राम) कॉन्फ्लिक्ट, आणि रीस्टार्ट ऑलवेज. सुरू करायची कमांड: केज, दोन डॅश, क्रोमियम, त्याचे फ्लॅग आणि शेवटी तुमच्या पानाचा पत्ता. इथे एक खोच आहे. सिस्टमडी मुळात 10 सेकंदांत 5 वेळा सुरू करून बघतो आणि तरी सर्व्हिस पडली तर नाद सोडतो, म्हणजे सकाळी ग्राफिक्सचा काही घोळ झाला की दिवसभर काळी स्क्रीन. म्हणून रीस्टार्ट-सेक 2 ठेवा आणि स्टार्ट-लिमिट-इंटरव्हल-सेक 0 करा, मग तो थकत नाही.

फ्लॅगमध्ये किऑस्क आणि इनकॉग्निटो तर हवेतच, शिवाय डिसेबल-पिंच टाका म्हणजे दोन बोटांनी पान ताणता येत नाही, आणि ओव्हरस्क्रोल-हिस्टरी-नेव्हिगेशन 0, नाहीतर आडवं स्वाइप केलं की मागचं पान येतं. प्रोफाइलचा फोल्डर तात्पुरत्या जागेत ठेवा आणि दर वेळी सुरू होण्याआधी तो उडवा. त्याने 'क्रोमियम नीट बंद झालं नव्हतं' वाला फुगा पण जातो.

खरी कडी मात्र पॉलिसीत, म्हणजे क्रोमियमला फाइलमधून घालून दिलेल्या नियमांत आहे. डेबियनवर ईटीसीमध्ये क्रोमियम, त्यात पॉलिसीज, त्यात मॅनेज्ड असा फोल्डर लागतो, नसेल तर बनवा आणि त्यात एक जेसन फाइल ठेवा. यूआरएल-ब्लॉकलिस्टमध्ये नुसता स्टार, म्हणजे सगळं बंद, आणि यूआरएल-अलाउलिस्टमध्ये तुमचं डोमेन. लॉगिन दुसऱ्या डोमेनवरून होत असेल तर ते पण अलाउमध्ये टाका, नाहीतर लॉगिन बटण दाबल्यावर ब्लॉकचं पान येणार. डेव्हलपर-टूल्स-अव्हेलॅबिलिटी 2 (डेव्हलपर टूल्स बंद), डाउनलोड-रिस्ट्रिक्शन्स 3 (सगळे डाउनलोड बंद), प्रिंटिंग बंद, पासवर्ड मॅनेजर बंद, भाषांतराची पट्टी बंद. आणि अलाउ-फाइल-सिलेक्शन-डायलॉग्ज फॉल्स, हे लोक हमखास विसरतात. फाइल निवडायची खिडकी उघडली की माणूस थेट तुमच्या डिस्कवर फिरायला लागतो, किऑस्क फोडायची ही जुनी आणि सोपी वाट आहे. जेसनमध्ये एक स्वल्पविराम चुकला तर क्रोमियम ती फाइल सोडून देतो आणि स्क्रीनवर काही बोलत नाही, म्हणून ब्लॉकलिस्टमधला स्टार टाकण्याआधी एकदा क्रोमचं पॉलिसी पान उघडून सगळी नावं दिसतायत का ते बघून घ्या.

बोट दाबून धरल्यावर येणारा मेनू पानाच्याच जावास्क्रिप्टमध्ये बंद करा. तिथेच दोन मिनिटं कुणी हात लावला नाही तर पहिल्या पानावर परत जायचं असं पण लिहा, नाहीतर आधीच्या माणसाने अर्धवट भरलेला फॉर्म पुढच्याला दिसतो.

टाइप करायचं असेल तर स्क्रीनवरच्या कीबोर्डचा प्रश्न येतो, आणि केज इथे आडमुठा आहे, एका ॲपच्या वर दुसरं तरंगवणं हे त्याचं कामच नाही. माझं मत, एक-दोन रकाने असतील तर कीबोर्ड पानातच बनवा, दिसतो तेवढाच राहतो आणि त्यात कंट्रोल, ऑल्ट असली बटणंच नसतात. जास्त टाइपिंग असेल तर केज सोडून स्वे किंवा लॅबडब्ल्यूसी घ्या आणि सोबत डब्ल्यूव्हीकेबीडी हा स्क्रीनवरचा कीबोर्ड, पण मग त्या कंपोझिटरचे सगळे शॉर्टकट एकेक करून काढायची जबाबदारी तुमची.

आता बाहेरची बटणं. लॉगिनडीच्या (सिस्टमडीचा बटणं आणि लॉगिन सांभाळणारा भाग) कॉन्फमध्ये हँडल-पॉवर-की इग्नोर करा, एन-ऑटो-व्हीटीज आणि रिझर्व्ह-व्हीटी दोन्ही 0, म्हणजे जादा टीटीवायवर लॉगिन उघडत नाही. केजला एस फ्लॅग देऊ नका, तो दिला की दुसऱ्या टीटीवायवर उडी मारता येते. कर्नलचा सिसरिक्यू (कीबोर्डवरून थेट कर्नलला हुकूम द्यायची सोय) 0. पॉवर बटण बराच वेळ दाबून धरलं की हार्डवेअरच बंद होतं, ते सॉफ्टवेअरने थांबत नाही, त्यासाठी बटण झाकणारी केस लागते. यूएसबी पोर्ट पण त्याच केसमध्ये झाकला तर उत्तम, नाहीतर अनोळखी यूएसबी उपकरणं अडवणारा यूएसबीगार्ड बसवा. कंट्रोल-ऑल्ट-डिलीटचं टार्गेट मास्क (म्हणजे पूर्ण बंद) केलं तरी 2 सेकंदांत 7 पेक्षा जास्त वेळा दाबलं की सिस्टमडी रीबूट करतोच, ते थांबवायला सिस्टमच्या कॉन्फमध्ये कंट्रोल-ऑल्ट-डेल-बर्स्ट-ॲक्शन नन करावं लागतं. यूईएफआयला (मशीनचं बूट सेटिंग) आणि ग्रबला (लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम) पासवर्ड घालायचा हे वेगळं सांगायला नको.

सगळं मनासारखं चाललं की शेवटी ओव्हरलेरूट चालू करा, म्हणजे डिस्कवर काही लिहिलंच जात नाही, कुणी वायर उपटली तरी पुढच्या बूटला जसंच्या तसं. पण यात घड्याळाची गंमत होते. नेटवरून घेतलेली वेळ सिस्टमडी डिस्कवर जपून ठेवतो, ती आता पुसली जाते, आणि टॅबची बॅटरी पार उतरलेली असेल तर बूटला तारीख कधीची तरी जुनी, मग एचटीटीपीएसची सर्टिफिकेटं चुकीची वाटायला लागतात आणि पान उघडत नाही. सर्व्हिस टाइम-सिंक टार्गेटच्या नंतर सुरू करा आणि टाइम-वेट-सिंक सर्व्हिस चालू ठेवा, म्हणजे वेळ जुळल्यावरच ब्राउझर उघडतो.

टॅब कायम चार्जरला असणार, त्यामुळे बॅटरी फुगायची भीती असतेच. तुमच्या मशीनच्या पॉवर-सप्लाय फोल्डरमध्ये चार्ज-कंट्रोल-एंड-थ्रेशोल्ड नावाची फाइल असेल तर दर बूटला तिच्यात 60 किंवा 80 लिहा, तेवढ्या टक्क्यांवर चार्जिंग थांबतं. नसेल तर महिन्यातून एकदा टॅब काढून पाठीवरून हात फिरवून बघा.

भिंतीवर लावण्याआधी यूएसबी कीबोर्ड जोडून स्वतःच फोडायचा प्रयत्न करा: कंट्रोल-ओ, कंट्रोल-पी, एफ 12, ऑल्ट-एफ 4, कंट्रोल-ऑल्ट-एफ 2. ऑल्ट-एफ 4 ने ब्राउझर बंद पडेल आणि 2 सेकंदांनी परत येईल, तसंच व्हायला हवं. मग वायफाय बंद करा, परत चालू करा आणि पान आपोआप येतं का बघा. आणि घरातलं एखादं पोर मिळालं तर अर्धा तास त्याच्या हातात द्या, तुम्हाला न सुचलेलं तो पहिल्या पाच मिनिटांत करून दाखवेल.