बोडीतले मासे टाकीत येताच मरतात तेव्हा

बोडीतून, म्हणजे गावातल्या छोट्या तळ्यातून, धरलेले मासे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येऊन धापा टाकतात, पंख मिटतात, ओठांवर कापसासारखा पांढुरका थर येतो. दिसायला बुरशी, पण बहुतेक वेळा तो कॉलमनारिस हा जिवाणूच असतो. उन्हाळ्यातल्या गरम पाण्यात त्याने मासा दिवसभरात दगावतो.

मूळ कारण जाळ्यात सोलवटलेली कातडी आणि अमोनिया. बंद पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो (पाण्याची आम्लता घटते) आणि माशांनीच सोडलेला, साचलेला अमोनिया विखारी होतो. म्हणून पिशवीत थेंबथेंब पाणी मिसळत बसत नाही. तापमान जुळलं की मासे उचलून थेट वेगळ्या टबात. पिशवीतलं पाणी फेकायचं.

बोरचं पाणी आधी रात्रभर एअर पंपाने खळखळवायचं, त्यात प्राणवायू फार कमी असतो. ५० लिटरला १०० ग्रॅम खडे मीठ, विरघळवून, दिवसभरात तीनदा थोडंथोडं. रेती नको, वापरातला स्पंज फिल्टर पुरे. रोज तिसरा हिस्सा पाणी बदला आणि बदललेल्या पाण्यापुरतंच मीठ घाला. दोन दिवस खाणं बंद. मे महिन्यात टबाभोवती ओलं पोतं हवंच.

तीन आठवडे मासे वेगळेच ठेवा. आजारी मासा कृपया बोडीत परत सोडू नका.