चेसीस लांबवल्यावर शाफ्ट, ब्रेक आणि बाकीची जोडणी

उद्यमनगरात चांगला वेल्डर मिळायला वेळ लागत नाही. डोकं लागतं ते वेल्डिंग गार झाल्यावर. मागची चाकं फूटभर मागं गेलेली असतात आणि मधलं सगळं आखूड पडलेलं असतं. इथं लॅडर चेसीसची (म्हणजे शिडीसारख्या लोखंडी सांगाड्याची), मागच्या चाकांना ड्राइव्ह असलेली जीप धरली आहे.

आधी कायद्याचं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. म्हणून कटर हातात घेण्याआधीच आरटीओत विचारा. हा लेख आवारात किंवा प्रदर्शनात राहणाऱ्या गाडीसाठी आहे.

सुरुवात प्रोपेलर शाफ्टपासून, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडं नेणाऱ्या फिरत्या दांड्यापासून करा. गाडी जॅकवर नको, चारही चाकांवर उभी करून माप घ्या. अ‍ॅक्सल लोंबकळत असताना घेतलेलं माप चुकतंच. स्लिप जॉइंट (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणारा सरकता जोड) पुढं-मागं सरकायला दोन्हीकडं इंचभर तरी जागा ठेवा.

जुना पाइप कापून मध्ये तुकडा घालायचा मोह होतो. लेथवाला तेही करून देईल, पण पाइप तोच ठेवून शाफ्ट लांबवला की त्याचा धोक्याचा वेग लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात खाली येतो. एक मीटरचा शाफ्ट १.३ मीटर केला, तर ज्या फेऱ्यांवर तो दोरीउडीच्या दोरीसारखा फुगायला लागतो, तो आकडा जवळपास ६० टक्क्यांवर येतो. त्यामुळं एक तर जास्त व्यासाचा नवा पाइप घ्या, नाहीतर शाफ्ट दोन तुकड्यांत करून मध्ये रबरासकट सेंटर बेअरिंग बसवा. त्या बेअरिंगला चेसीसचा आडवा मेंबर लागतो. पत्र्याच्या पट्टीवर भागत नाही.

एकाच तुकड्याचा शाफ्ट असेल तर दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत हवेत. गिअरबॉक्सचा फ्लँज (शाफ्ट बोल्टनं जोडायची चकती) आणि डिफरन्शिअलचा, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरपेटीचा फ्लँज यांना अँगल गेज लावा, दोन्ही समांतर आले पाहिजेत. क्रॉसचा, म्हणजे योकमधल्या अधिकच्या चिन्हासारख्या सांध्याचा कोन तीन अंशांच्या आत राहिला तर उत्तम. शेवटी बॅलन्सिंग. ते टाळलं तर गाडी थरथरते आणि क्रॉस लवकर जातात.

ब्रेकच्या पाइपला जोड देऊ नका. मास्टर सिलिंडरकडून मागं जाणारा पाइप पूर्ण लांबीचा नवा घ्या, ब्रेकसाठीच बनलेला स्टीलचा किंवा क्युप्रोनिकेलचा, टोकांना डबल फ्लेअर काढून, म्हणजे टोक फुलवून दुहेरी दुमडून. साधा तांब्याचा पाइप नको, एसीवाला कितीही म्हणू दे. दर फुटाला क्लिप लावा. मागच्या अ‍ॅक्सलला लोड व्हॉल्व्हची (वजनाप्रमाणं मागच्या ब्रेकचा दाब बदलणाऱ्या व्हॉल्व्हची) दांडी असेल तर तिची सेटिंग कंपनीच्या मापानं पुन्हा करा. ब्रेकच्या पाइपमधली हवा काढताना साधारणपणे सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात होते. तरी तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला क्रम पाहा. हँडब्रेकची केबल मापानं नवी बनवून घ्या. तुटलेल्या दोन केबली वेल्डिंगनं जोडणाऱ्याकडं जाऊ नका.

पेट्रोलची लाइन सायलेन्सरपासून लांब ठेवा. सायलेन्सरला नवा तुकडा आणि एक जादा रबरी हँगर. वायरी एकाच जागी न तोडता जोड मागं-पुढं ठेवा, म्हणजे हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) गाठ येत नाही. कापलेल्या जागी आतूनही गंजरोधक मारा. इथल्या पावसाळ्यात नुसता रंग टिकत नाही.

पहिली चाचणी बंद आवारात, सावकाश. वळणाची जागा आता जास्त लागेल, ती मोजून घ्या. थांबल्यावर शाफ्टचे बोल्ट आणि ब्रेकचे नट पुन्हा आवळा, आणि गाडीखाली पुठ्ठा पसरून रात्रभर ठेवा. गळती असली तर सकाळी डाग दिसेल.