रीफ टँकचं पाणी बदलणं कमी करायचंय? मग आधी या चुका टाळा

दर आठवड्याला मीठ कालवा, पाणी गरम करा, बादल्या उचला, या सगळ्याचा कंटाळा येतोच आणि त्यामुळे पाणी न बदलता टँक चालवायचा विचार रीफ (कोरलचा, खाऱ्या पाण्याचा टँक) ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात कधी ना कधी येतो. विचारात चूक काहीच नाही, असे टँक वर्षानुवर्षं मस्त चालतात. पण ज्यांचे बिघडतात त्यांच्याकडे बघितलं तर बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते, की पाणी बदलणं आधी बंद केलं आणि ते जे काम करत होतं त्याची सोय मात्र "बघू नंतर" म्हणून राहून गेली.

पाणी बदलल्याने तीन कामं होतात. नायट्रेट आणि फॉस्फेट थोडं बाहेर जातं, कोरलने वापरलेलं कॅल्शियम, अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेट), आयोडीन, लोह, मँगनीज थोडं परत मिळतं, आणि ज्या गोष्टी आपण कधी मोजतच नाही त्याही थोड्या विरळ होतात. ही तिन्ही कामं दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवल्याशिवाय बादली ठेवून देऊ नका.

चूक पहिली: १० टक्के पाणी बदललं म्हणजे नायट्रेट आटोक्यात

ही चूक उलट्या बाजूची, म्हणजे पाणी बदलण्यावर भरवसा ठेवणाऱ्यांची आहे, पण हे गणित समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. १० टक्के पाणी बदललं की नायट्रेट १० टक्केच कमी होतं. म्हणजे ५० पीपीएम (दहा लाखांत किती भाग) असेल तर ४५ होणार, बस. आता समजा तुमच्या टँकमध्ये दर आठवड्याला ५ पीपीएम नायट्रेट तयार होतंय, तर ते परत ५० वर येणार, पुन्हा बदला, पुन्हा ४५. म्हणजे तुम्ही इमानेइतबारे दर आठवड्याला पाणी बदलताय आणि आकडा जिथल्या तिथे. हेच २० टक्के केलं तर तो २० ते २५ च्या मध्ये स्थिरावतो, म्हणजे मीठ दुप्पट आणि फायदा निम्म्यावर थांबणारा. म्हणून खरा उपाय पाण्यात नाही, आत किती अन्न जातंय आणि बाहेर काढायची यंत्रणा किती दमाची आहे यात आहे.

फॉस्फेटच्या बाबतीत तर पाणी बदलणं जवळजवळ कुचकामी. फॉस्फेट खडकांना आणि वाळूला चिकटून बसतं कारण दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच, आणि पाण्यातलं प्रमाण खाली आलं की तेच खडक ते परत सोडायला लागतात. निम्मं पाणी बदललं, टेस्टमध्ये ०.२ चं ०.१ झालं, खूश झालात, आणि दोनतीन दिवसांत परत जवळपास तिथेच. किट बिघडलेलं नसतं, खडकांतला साठा बाहेर येत असतो. त्यामुळे फॉस्फेट उतरवायला आठवडे नाही, महिने लागतात हे धरूनच चाला.

चूक दुसरी, आणि सगळ्यात महागात पडणारी: शून्याच्या मागे लागणं

नायट्रेट वाईट, फॉस्फेट वाईट, म्हणजे दोन्ही शून्य केलं की टँक एकदम स्वच्छ, असं वाटणं साहजिक आहे. पण कोरलच्या आत राहणाऱ्या शैवालाला नायट्रोजन आणि फॉस्फरस दोन्ही लागतात, ते मिळालं नाही तर कोरल आधी फिकट पडतं, मग पॉलिप (कोरलची छोटी फुलासारखी तोंडं) बाहेर काढत नाही आणि शेवटी बुडापासून मांस सोडायला लागतं. माणूस बिचारा अजून स्वच्छता करायला धावतो आणि उपाशी कोरलला अजून उपाशी मारतो. मला तरी नायट्रेट ५ ते १५ पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम यात कुठेही असलेला, पण तिथेच टिकून राहणारा टँक बरा वाटतो. आकडा कितीही सुंदर असला आणि रोज हलत असला तर त्याचा उपयोग नाही.

शून्यावर गेलेल्या टँकमध्ये दुसरं संकट येतं ते डायनोचं, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांचं. खासकरून कोरड्या खडकांवर सुरू केलेल्या नव्या टँकमध्ये, जिथे बाकीचे सूक्ष्मजीव अजून नीट बसलेलेच नसतात. तपकिरी, शेंबडासारखं चिकट, टोकांना हवेचे बुडबुडे अडकलेले धागे, दिवसा लाइटखाली फोफावतात, रात्री कमी दिसतात, सकाळी वाटतं गेलं आणि दुपारी परत हजर. सायनो (सायनोबॅक्टेरिया) आहे की डायनो असा संशय असेल तर थोडं काढून टँकच्याच पाण्यात घ्या, बाटलीत जोरात हलवा, कॉफी फिल्टरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर लाइटखाली ठेवा. डायनो असतील तर त्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात परत गुठळ्या जमतात. साधा मायक्रोस्कोप असेल तर सोन्याहून पिवळं, कारण डायनोंचे प्रकार त्यात ओळखता येतात: ऑस्ट्रिऑप्सिस थेंबाच्या आकाराचे असतात आणि एका टोकाशी दोरीने बांधल्यासारखे गोल फिरतात, अँफिडिनियम मात्र वाळूवर इकडेतिकडे सरकत राहतात. हा फरक कामाचा आहे. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात तरंगायला लागतात म्हणून त्यांच्यावर यूव्ही (पाण्यावर अतिनील प्रकाश टाकणारं यंत्र) चालतो, अँफिडिनियम वाळू सोडत नाहीत त्यामुळे यूव्ही लावून फारसं हाती लागत नाही.

आणि इथे नेमकं लोक घाबरून मोठं पाणी बदलतात. नका करू. बऱ्याच टँकमध्ये त्यानंतर डायनो अजून जोमाने येतात. फॉस्फेट शोषणारं माध्यम काढा, कार्बन डोसिंग (जिवाणूंसाठी व्होडका-व्हिनेगर टाकणं, त्याबद्दल पुढे) थांबवा, खाणं थोडं वाढवा, आणि तरी आकडे वर येत नसतील तर नायट्रेट आणि फॉस्फेट चक्क डोस करा, सोडियम नायट्रेट आणि ट्रायसोडियम फॉस्फेट दोन्हींची द्रावणं मिळतात. नवा खडक सुरुवातीला टाकलेलं फॉस्फेट गिळून टाकतो, संध्याकाळी टाकलं आणि सकाळी परत शून्य असं होतं, तेव्हा हिरमुसू नका, थोडं थोडं रोज टाका आणि रोज मोजा.

चूक तिसरी: सगळे उपाय एकदम

स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र) आहेच, त्यात रेफ्युजियममध्ये (शैवाल वाढवायच्या वेगळ्या कप्प्यात) कीटो नावाचं शैवाल लावलं, जीएफओ (फॉस्फेट शोषणारं लोहाचं माध्यम) भरलं, व्होडका सुरू केली, आणि हे सगळं एकाच आठवड्यात. मग काही बिघडलं तर कशामुळे हे ब्रह्मदेवाला पण सांगता येणार नाही. एक गोष्ट बदला, तीनचार आठवडे आकडे लिहून ठेवा, मग दुसरी.

कार्बन डोसिंगबद्दल जरा सविस्तर, कारण पाणी बदलणं कमी करणारे बहुतेकजण इथेच येतात. व्होडका किंवा व्हिनेगर टाकलं की जिवाणूंना कार्बन मिळतो, ते वाढताना नायट्रेट आणि थोडं फॉस्फेट खातात आणि त्यातले काही स्किमर बाहेर काढतो. म्हणजे चांगला स्किमर नसेल तर हा उद्योग नकोच. सुरुवात १०० लीटरला ०.१ मिली साध्या, कुठलाही फ्लेवर नसलेल्या व्होडकाने करतात आणि हळूहळू वाढवतात, पांढरं साधं व्हिनेगर वापरलं तर साधारण आठपट लागतं कारण ते ५ टक्क्यांचंच असतं. एकदम जास्त टाकलं तर पाणी दुधाळ होतं, आणि खरा धोका ढगाळपणाचा नाही तर ऑक्सिजनचा आहे, जिवाणू तो ओढून घेतात आणि मासे रात्री पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात. असं झालं तर डोस लगेच बंद, एअर स्टोन सोडा, स्किमर जोरात चालू ठेवा. व्हिनेगरने पीएच तात्पुरता खाली जातो म्हणून ते दिवसा द्या, जेव्हा पीएच तसाही वर असतो.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. नायट्रेट खाल्लं जातं तेव्हा अल्कलिनिटी परत मिळते, ५० पीपीएम नायट्रेट गेलं तर साधारण २.३ डीकेएच (अल्कलिनिटी मोजायचं एकक). म्हणजे तुमचा डोसिंग पंप (ठरलेल्या मापाने द्रावण सोडणारा) जुन्याच आकड्यावर चालू आहे, नायट्रेट भराभर उतरतंय आणि अल्कलिनिटी गुपचूप वर चाललीय. कमी पोषण आणि जास्त अल्कलिनिटी ही जोडी ॲक्रोपोरा या फांद्यांच्या कोरलला सोसत नाही, टोकं जळल्यासारखी पांढरी पडतात. म्हणून नायट्रेट खाली आणताना अल्कलिनिटी रोज मोजा आणि ती ७ ते ८ डीकेएचच्या आसपासच ठेवा, ११ वर नेण्याचे दिवस नाहीत हे.

कीटो वाढत नाहीये?

वाढत नाही म्हणजे बहुतेकदा तेही उपाशी आहे. कार्बन डोसिंगने नायट्रेट आधीच संपवलं तर कीटोने खायचं काय? नायट्रेट असूनही फिकट पडून तुटत असेल तर लोह आणि मँगनीजची शंका घ्या, पाणी बदलणं थांबलं की हेच आधी संपतं. लाइट तपासा, आतला भाग अंधारात राहू नये म्हणून गोळा अधूनमधून उलटा करा, आणि वाढलेलं काढून फेका. काढलंच नाही तर पोषण टँकमध्येच राहिलं.

चूक चौथी: मोजण्यात गडबड

लोक आकड्यांवर निर्णय घेतात आणि आकडाच चुकीचा असतो. हॅना कंपनीचा अल्ट्रा लो फॉस्फरस चेकर फॉस्फेट दाखवत नाही, फॉस्फरस पीपीबीमध्ये (अब्जात किती भाग) दाखवतो, त्याला ३.०६६ ने गुणायचं आणि १००० ने भागायचं. ३३ दिसलं तर फॉस्फेट साधारण ०.१ पीपीएम. शिवाय त्याची अचूकताच ५ पीपीबी इकडेतिकडे आहे, म्हणजे काल २ होतं आज ६ झालं म्हणून काहीतरी करायला धावू नका, तो एकच आकडा समजा. चाचणीच्या बाटलीच्या काचेवर बोटाचा ठसा, आत चिकटलेला बारीक बुडबुडा, पावडर नीट न विरघळणं, एवढ्यानेही आकडा फिरतो. नायट्रेटच्या किटमध्ये पण बघा, काही किट नायट्रेट-नायट्रोजन दाखवतात, त्याला ४.४३ ने गुणावं लागतं. आणि नव्या टँकमध्ये नायट्राइट शिल्लक असेल तर बरेच किट तेच नायट्रेट म्हणून मोजतात आणि आकडा भलताच वर दिसतो.

चूक पाचवी: डोसिंग चालू आहे म्हणजे घटकांची काळजी मिटली

कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम बायकार्बोनेटचं टू-पार्ट (दोन वेगळी द्रावणं डोस करायची पद्धत) वापरताना एक गोष्ट मागे उरते, साधं मीठ. कॅल्शियम आणि कार्बोनेट कोरल घेतं, सोडियम आणि क्लोराइड पाण्यातच. रोज १ डीकेएच वापरणाऱ्या टँकमध्ये हिशोबाने वर्षाला लीटरमागे साडेसात ग्रॅमच्या आसपास मीठ साठतं, म्हणजे ३५ ची क्षारता (पाण्याचा खारेपणा) ४२ कडे निघाली. स्किमरच्या कपातून थोडं बाहेर जातं, पण तेवढ्यावर भिस्त नको. पाणी बदलत होतात तोवर हे लपलेलं होतं. आता दर आठवड्याला क्षारता मोजा, वाढली तर टँकचं पाणी काढून आरओ-डीआय (क्षार काढून टाकलेलं शुद्ध पाणी) भरा. पण हे करताना मॅग्नेशियम, पोटॅशियम, सल्फेट पण विरळ होतं, त्यामुळे मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम आणि पोटॅशियम ४०० पीपीएमच्या आसपास आहे ना ते बघत राहावं लागतं. बॉलिंग नावाच्या डोसिंग पद्धतीत सोडियम क्लोराइड नसलेलं मीठ तिसरा भाग म्हणून देतात ते याचसाठी. चुन्याचं पाणी किंवा कॅल्शियम रिॲक्टर वापरला तर हा मिठाचा प्रश्नच येत नाही, फक्त चुन्याच्या संपृक्त पाण्याचा पीएच १२ च्या वर असतो म्हणून ते थेंबाथेंबानेच द्यायचं.

ट्रेस घटक (अगदी कमी प्रमाणात लागणारे) अंदाजाने टाकू नका. तीनचार महिन्यांतून एकदा आयसीपी (पाण्यातल्या सगळ्या घटकांची प्रयोगशाळेतली तपासणी) करा, जे कमी आहे तेवढंच द्या. आणि त्या रिपोर्टमध्ये कमी काय आहे याच्याइतकंच जास्त काय आहे तेही बघा. तांबं, कथील, ॲल्युमिनियम वर दिसलं तर कुठेतरी गंजलेला मॅग्नेट, हीटरचा स्क्रू, पंपाचा शाफ्ट सापडतोच. डीआय रेझिन संपत आलं तरी सिलिकेट यायला लागतं, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचा आकडा) शून्य दिसत असला तरी.

राहिली किरकोळ वाटणारी कामं. फिल्टर सॉक (कचरा अडवणारी कापडी पिशवी) दोनतीन दिवसांत बदला, नाहीतर अडकलेला कचरा तिथेच कुजून नायट्रेट बनतो आणि सॉक असून नसल्यासारखा. सम्पच्या (मुख्य टँकला जोडलेल्या, यंत्रं ठेवायच्या टाकीच्या) तळाचा गाळ महिन्यातून ओढून काढा. ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवा आणि महिन्याला बदला, पाण्याचा पिवळेपणा जातोच पण सॉफ्ट कोरल जी रसायनं सोडतात तीही कमी होतात, पाणी बदलत नसाल तर हे ऐच्छिक नाही.

तरीही पाणी बदलायचंच, ते कधी

नव्या टँकचं पहिलं वर्ष. आयसीपीत धातू वाढलेला दिसला तर, आणि तिथे १० टक्क्यांनी भागत नाही, मोठे बदल करा आणि धातू कुठून येतोय ते काढून टाका. डोसिंग पंप अडकून अख्खी बाटली ओतली गेली तर. कुणी काही फवारलं, हात साबणाचे होते, टँकमध्ये मोठा मासा किंवा ॲनिमोन मेलं तर. बाकी वेळी कमी करताना पण एकदम बंद नको, दर आठवड्याचं आधी पंधरा दिवसांवर आणा, दोन महिने आकडे आणि कोरल दोन्ही बघा, मग महिन्यावर. आणि टँकच्या निदान २० टक्के पाणी होईल एवढं मीठ आणि आरओ-डीआय घरात कायम तयार ठेवा, कारण पंप अडकतो तेव्हा मीठ मागवून येईपर्यंत थांबता येत नाही.