पणजोबांचे वडील कोण? असा सुटला गुंता

पणजोबांच्या वडिलांचं नाव दोन कागदांवर वेगवेगळं होतं. मी पणजोबांच्या मृत्यूनोंदीलाच धरून बसलो आणि तिथेच चुकलो. ती माहिती त्यांच्या जावयाने दिली होती. त्याने आजेसासऱ्यांना पाहिलंही नसावं. वयसुद्धा सरळ ‘६०’, म्हणजे अंदाजच. अशा गोल आकड्यावर विसंबू नये. लग्नाच्या नोंदीत मात्र माहिती खुद्द पणजोबांनी दिलेली, खाली त्यांची सही, शेवटचं अक्षर शाई फुटून पसरलेलं. मग साक्षीदारांकडे वळलो (त्यांची नावं आपण वाचतच नाही!). एकाचं आडनाव तेच निघालं. त्याची जन्मनोंद काढली. वडील, आई, घर, तिन्ही जुळलं. पणजोबांचा सख्खा भाऊ! वडिलांच्या नावावरून मी कितीतरी वेळ बोट फिरवत राहिलो.