सीएसटीआरचा वेग स्थिरांक जुळत नाही? मास बॅलन्समधल्या या चुका टाळा

सीएसटीआरमध्ये, म्हणजे द्रावण सतत आत येतं-बाहेर जातं अशा ढवळत्या टाकीच्या रिअॅक्टरमध्ये, इथाइल अॅसिटेट आणि कॉस्टिक सोड्याचं सॅपॉनिफिकेशन (अल्कलीने एस्टर तोडणं) हा केमिकल इंजिनिअरिंगच्या लॅबमधला नेहमीचा प्रयोग. २५ अंश सेल्सिअसला वेग स्थिरांक (अभिक्रिया किती वेगाने चालते ते सांगणारा आकडा) साधारण ०.११ लिटर प्रति मोल-सेकंद यायला हवा. तो ०.०५ आला की 'स्टरर नीट ढवळत नाही' असं रिपोर्टात लिहून मोकळं व्हायची पद्धत आहे. बिचाऱ्या स्टररचा सहसा काही दोष नसतो. आधी मास बॅलन्समध्ये (आत आलेलं, बाहेर गेलेलं आणि अभिक्रियेत संपलेलं यांच्या हिशेबात) घातलेले आकडे तपासा.

समजा, रिअॅक्टर १.५ लिटरचा आहे आणि दोन्ही फीड (आत येणारी द्रावणं) ०.१ मोलर, प्रत्येकी मिनिटाला ५० मिली. आत एकत्र येताच दोन्ही एकमेकांना पातळ करतात, म्हणून सुरुवातीची संहती ०.०५ मोलर धरायची. एकूण फ्लो मिनिटाला १०० मिली, म्हणजे रेसिडन्स टाइम (द्रावण रिअॅक्टरमध्ये सरासरी राहतं तो वेळ) १५ मिनिटं, ९०० सेकंद. कन्व्हर्जनला (फीडपैकी अभिक्रिया झालेल्या भागाला) 'क्ष' म्हटलं तर

क्ष ÷ (१ − क्ष)² = ०.११ × ९०० × ०.०५ = ४.९५

यातून क्ष ०.६४ येतो. बाटलीवरची ०.१ मोलर संहती तशीच घातली, तर याच रीडिंगवरून स्थिरांक निम्मा निघतो. फ्लोही एकाच पंपाचा धरला तर पाव. निम्मा किंवा पाव आकडा दिसला, की चूक इथेच शोधा.

दुसरी चूक म्हणजे बॅचचं, म्हणजे सगळं एकदाच भरून ठेवलेल्या रिअॅक्टरचं, सूत्र वापरणं. सीएसटीआरमध्ये सगळी अभिक्रिया आउटलेटच्या संहतीवर, म्हणजे मंद वेगाने चालते. बॅचचं सूत्र तिथे ८३ टक्के कन्व्हर्जन दाखवतं. ६४ टक्क्यांवरून उलट गणित केलं तर स्थिरांक ०.०४ च्या आसपास येतो.

आकारमान ओव्हरफ्लोपर्यंत पाणी भरून मोजा. पाटीवरचं घेऊ नका. रीडिंग किमान तीन रेसिडन्स टाइमनंतर, म्हणजे इथे ४५ मिनिटांनी घ्या. टायट्रेशन करत असाल तर सॅम्पल थेट मोजलेल्या जादा हायड्रोक्लोरिक आम्लात पडू द्या, म्हणजे अभिक्रिया तिथेच थांबेल. बीकरमध्ये मिनिटभर तसंच राहिलं तर ६४ चे ६८ टक्के होतात. कन्व्हर्जन कंडक्टिव्हिटीवरून (द्रावणाच्या विद्युतवाहकतेवरून) काढत असाल तर शून्य कन्व्हर्जनचा बिंदू ०.०५ मोलर कॉस्टिकवर घ्या, ०.१ वर नाही. शंभर टक्क्यांचा बिंदू ०.०५ मोलर सोडियम अॅसिटेटवर. मेमध्ये लॅब ३५ अंशांवर गेली तर स्थिरांक जवळजवळ दुप्पट होतो, त्यामुळे तापमान रिअॅक्टरच्या आतलं नोंदवा.

शेवटी फ्लो दुप्पट करून पाहा. मॉडेल बरोबर असेल तर कन्व्हर्जन साधारण ५३.५ टक्क्यांवर येतं आणि स्थिरांक तोच राहतो. बॅचचं सूत्र घुसलं असेल तर तो ०.०४ वरून ०.०५ वर सरकतो. संहतीची चूक मात्र या चाचणीतून निसटते, कारण ती दोन्ही वेळा स्थिरांक सारखाच निम्मा करते.