महागडं पेट्रोल, बाटलीतलं औषध आणि गाडीचं ॲव्हरेज: खरं-खोटं घरच्या घरी कसं तपासावं

पंपावर काच खाली केली की प्रश्न येतो, "साहेब, साधं की प्रीमियम?" लगेच दुसरा, "सोबत ही बाटली टाकू का? ॲव्हरेज वाढतं." मागे रांगेत हॉर्न वाजत असतात, म्हणून आपण मान डोलावतो. पन्नास-शंभर रुपये असेच जातात.

उत्तर आधीच ठरवून जायचं असेल तर गाडीत एक वही ठेवा. डॅशबोर्डवर दिसणारा आकडा हा गाडीचा अंदाज असतो. हिशेब पेट्रोलच्या मापावर करायचा.

1. टाकी फुल्ल करा आणि नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबा. इथेच सगळे फसतात. पंपावरचा मुलगा म्हणतो, "राउंड फिगर करू का, अडीच हजार?" नाही म्हणा. वरून घातलेलं अर्धा-पाऊण लिटर पुढचा सगळा हिशेब बिघडवतं.
2. किलोमीटरचा आकडा लिहा. समजा 48,210.
3. टाकी पाव उरेपर्यंत रोजच्यासारखीच गाडी चालवा.
4. त्याच पंपावर, जमल्यास त्याच नोझलवर पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. मीटर 48,652 आणि पेट्रोल 26 लिटर, म्हणजे 442 भागिले 26, लिटरला बरोबर 17 किलोमीटर.

एका टाकीवरून काही ठरवू नका. साध्या पेट्रोलच्या तीन टाक्या, प्रीमियमच्या तीन, मग पुन्हा साध्याच्या तीन. शेवटच्या तीन फार महत्त्वाच्या, कारण मधल्या काळात पावसाळा संपला किंवा मुलांच्या शाळेला सुट्टी लागली तरी ॲव्हरेज वाढतं, आणि श्रेय बाटलीला जातं.

आता पैशांचा हिशेब. साधं 104 रुपये आणि प्रीमियम 112 धरू. साध्यावर किलोमीटरला 6 रुपये 12 पैसे पडतात. प्रीमियमचा खर्च नुसता वसूल व्हायला 17 ची गाडी 18.3 वर जायला हवी. समजा दीडशे रुपये लिटरने 100 ऑक्टेनचं पेट्रोल भरलंत, तर तीच गाडी साडेचोवीसवर न्यावी लागेल!

तसं होत नाही, कारण ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. सिलिंडरमध्ये दाब वाढला तरी पेट्रोलने ठिणगीची ज्योत पोचण्याआधी स्वतःहून पेट घेऊ नये, त्या सहनशक्तीचं ते माप. टर्बो किंवा जास्त कॉम्प्रेशनच्या, म्हणजे जास्त दाबाच्या, इंजिनाला ती लागते. ज्या इंजिनाला लागत नाही, त्याला जास्त देऊन हाती काही पडत नाही. गाडीला किती ऑक्टेन हवं ते मॅन्युअलमध्ये आणि बऱ्याच गाड्यांत टाकीच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं. निर्मात्याने 95 मागितलं असेल तर मात्र तेच भरा, तिथे काटकसर नको.

"पण माझी गाडी आधी जास्त द्यायची," ही तक्रार खरी असू शकते. आता मिळणारं बहुतेक पेट्रोल ई20 आहे, म्हणजे त्यात सुमारे 20 टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच, मुळात इथेनॉलविना पेट्रोलसाठी बनवून ई10 ला (10 टक्के इथेनॉलला) जुळवलेल्या चारचाकींत 6 ते 7 टक्के आणि तशाच दुचाकींत 3 ते 4 टक्के ॲव्हरेजची घट येईल असा अंदाज होता. ई10 साठी बनवून ई20 ला जुळवलेल्या चारचाकींत ती 1 ते 2 टक्के. जुनी गाडी 17 वरून 16 वर आली असेल, तर बिघाड शोधत गॅरेज पालथं घालण्याआधी हे लक्षात घ्या.

ही तूट बाटलीने भरून निघत नाही. 35 लिटरच्या टाकीत 50 मिली औषध घालून हरवलेली ऊर्जा येणार कुठून? इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग, खरंच घाण झाले असतील तर डिटर्जंट असलेलं क्लीनर ते साफ करतं आणि गेलेलं थोडं परत मिळतं. साफ इंजेक्टरला पुन्हा साफ करून काय होणार! पेट्रोलच्या नळीवर बसवायचं लोहचुंबक तर सोडूनच द्या. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने असली शंभराहून अधिक उपकरणं आणि ॲडिटिव्ह (पेट्रोलमध्ये घालायची औषधं) तपासली, त्यांतली फार थोडी थोडासा फरक दाखवू शकली. डांबराच्या गोळ्या टाकीत टाकण्याचा सल्ला अजूनही ऐकू येतो. त्या कपाटातच बऱ्या.

सकाळी थंड वेळी भरलं की जास्त मिळतं, हेही विसरा. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथे तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. माप कमी पडतंय असा संशय असेल तर पंपावरचं पाच लिटरचं माप मागा, भेसळीचा असेल तर फिल्टर पेपर. ग्राहकाला दोन्ही मागता येतात.

माझ्या वहीतला सगळ्यात मोठा फरक पुणे-कोल्हापूरचा आहे. दोन्ही वेळा साधंच पेट्रोल आणि एसी चालू. जाताना घाई होती, काटा शंभरच्या वर, ॲव्हरेज 15.2. येताना सासूबाई शेजारी बसल्या होत्या, ऐंशीच्या पुढे जाऊ देईनात. 18.6.